पाळण्याची दोरी कुणाच्या हातात?

(बोईसर येथे भरलेल्या युवक-युवतींच्या अभ्यासवर्गातील भाषण. टिपणांवरून लिहून काढताना बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



फळ्यावर ‘संततिनियमनाची साधने’ असा विषय लिहिला आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. पिकू द्या. जातिअंतावर तीन-तीन तास न हलता बसणारी पोरं हा विषय निघाला की खाली बघतात, चुळबुळतात, बिडी ओढायला बाहेर जातात. आज बाहेर जायचं नाही. कारण हा विषय चळवळीच्या बाहेरचा नाही. दिवसभर आपण मालकाच्या सत्तेविरुद्ध, सवर्णाच्या सत्तेविरुद्ध बोलतो. रात्री दहा बाय दहाच्या खोलीत परततो, दार लावतो. त्या दाराच्या आत सत्ता नसते काय? तिथे कुणाचं चालतं? मूल कधी हवं, किती हवीत, नकोच असेल तर काय करायचं, हे तिथं कोण ठरवतं?

या बोईसर-तारापूरकडे बघा. १९६९ साली इथल्या अणुवीज केंद्रातून वीज निघाली. अणू फोडायची विद्या आपल्या दारात आली. पुढे औद्योगिक वसाहत आली. केमिकल आलं, कापड आलं, पोलाद आलं, औषधांचे कारखाने आले. याच वसाहतीत औषधं तयार होऊन जगभर जातात. आणि त्याच कारखान्यात कंत्राटावर पॅकिंग करणाऱ्या आपल्या बहिणीला, आपल्या शरीरात बीज तयार कधी होतं आणि गर्भ राहतो कसा, हे कुणी सांगितलेलं नाही. शाळेत तो धडा मास्तरांनी ‘घरी वाचा’ म्हणून सोडला. घरी आई म्हणाली, ‘लग्न झाल्यावर कळेल’. लग्न झालं आणि कळायच्या आत दिवस गेले. ज्ञान कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवण्याची ही जुनी मनुवादी चाल आहे. फक्त इथे वेदाच्या जागी शरीर आहे.

आता दोन आक्षेप आधी निकालात काढते. दोन्ही आपल्याच पोरांचे आहेत.

पहिला आक्षेप : ‘हा बायकांचा विषय, चळवळीत कशाला?’

त्याला उत्तर बाबासाहेबच देतात. प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, ते १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. नोकरी गेली, समाजाने वाळीत टाकलं, अश्लीलतेचे खटले भरले. १९३४ साली हायकोर्टात त्यांचं वकीलपत्र घेऊन कोण उभं राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणं हा गुन्हा कसा होतो, हा त्यांचा सवाल होता. खटला हरले, पण भूमिका हरली नाही. चार वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते. त्यांनी तयार केलेलं भाषण रोहमांनी वाचलं. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकाच्या पुढे कुणी गेला नसता, असा त्यातला एक मुद्दा होता. ठराव पडला. प्रस्थापितांनी पाडला. आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या संततिनियमनावर उघड बोलल्या. बाबासाहेबांनीही बायकांना सांगितलं, लग्नाची घाई करू नका, पोरांचं लेंढार वाढवू नका. ऐंशी वर्षांहून जास्त झाली. आपल्या आज्या मंडपात जे बोलल्या, ते आपल्याला आज खोलीत बोलता येत नाही. मग पुढे कोण गेलं आणि मागे कोण?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘हा आपली संख्या कमी करायचा कट आहे. मतं कमी, माणसं कमी, ताकद कमी.’

हा संशय हवेतून आलेला नाही, म्हणून त्याला हसू नका. आणीबाणी आठवा. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. नोकरदारांना कोटा ठरवून दिला. मास्तर, तलाठी, शिपाई माणसं शोधत फिरले. कोण सापडलं? ज्याच्यामागे वकील नाही, जमीन नाही, ओळख नाही, तो. फुटपाथवरचा, झोपडपट्टीतला, पाड्यावरचा. आणि सक्तीच्या नसबंदीचं विधेयक देशात पहिल्यांदा कुठल्या विधिमंडळाने मंजूर केलं? आपल्या महाराष्ट्राच्या, १९७६ साली. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. पुरोगामी महाराष्ट्र!

अमेरिकेत तेच. १९७३ साली अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी गावात रेल्फ नावाच्या दोन काळ्या मुली, एक चौदाची, एक बाराची. अडाणी आईकडून कागदावर फुली घेतली आणि पोरींची नसबंदी करून टाकली. गर्भनिरोधक गोळीची मोठी चाचणी कुणावर झाली? १९५६ पासून प्वेर्तो रिकोच्या गरीब बायकांवर. आपण प्रयोगाला, गोरे वापरायला.

म्हणजे कट नाही असं मी म्हणत नाही. पण नीट बघा. बाबासाहेब जे मागत होते आणि आणीबाणीच्या सरकारने जे केलं, ते एक नव्हे. बाबासाहेब म्हणत होते, साधन बाईच्या हातात द्या. सरकारने साधन स्वतःच्या हातात घेतलं आणि माणसावर चालवलं. सुरी तीच. कांदा कापणाऱ्याच्या हातात वेगळी, गळा कापणाऱ्याच्या हातात वेगळी.

काळ्यांच्या चळवळीतही हाच वाद झाला. तिथले काही पुरुष बायकांना म्हणाले, गोळ्या फेकून द्या, क्रांतीला सैनिक हवेत. टोनी केड बाम्बारा या काळ्या लेखिकेने तिथेच त्यांना जाब विचारला. मीही विचारते. क्रांतीला सैनिक हवेत ना? मग त्या सैनिकाला दूध कोण पाजणार? रात्री शी-शू कोण काढणार? चौथ्या बाळंतपणात बाई मेली तर तिची उरलेली तीन कोण वाढवणार? १९९२ साली आपल्याच जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं मेली, तेव्हा संख्या कमी पडली म्हणून मेली नाहीत. अन्न नव्हतं म्हणून मेली. ताकद डोकी मोजून येत नाही. जगलेल्या, शिकलेल्या, उभ्या राहिलेल्या माणसांची ताकद असते.

सरकारचा खोटेपणा दुसरीकडून पण बघा. आणीबाणीत नसबंदी मुख्यतः पुरुषांची होत होती. पुरुषाने १९७७ च्या मतपेटीतून उत्तर दिलं. सरकारने धडा घेतला. कुठला? सक्ती वाईट, हा नाही. पुरुषाला हात लावू नये, हा. मग सगळा भार बाईवर ढकलला. २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं : देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर विवाहित बायकांत जवळपास ३८ जणींची स्वतःची नसबंदी झालेली. नवऱ्याची झालेली? हजारात तीन. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, कमी धोक्याचं. तरी टेबलावर बाई. ही आकडेवारी सरकारने बनवली, पण तिला हातभार आपणही लावलाय, दोस्तहो.

आता साधनांकडे येते. आधी शरीर समजून घ्या, मग साधन आपोआप समजतं.

बाईच्या बीजकोशातून महिन्याला साधारण एक बीज सुटतं. पुढची पाळी यायच्या सुमारे चौदा दिवस आधी. ते एखादाच दिवस जगतं. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. दोघांची गाठ बीजनलिकेत पडते, मग गर्भ पिशवीत रुजतो. बस. सगळी साधनं एवढंच करतात : बीज सुटू द्यायचं नाही, किंवा गाठ पडू द्यायची नाही, किंवा रुजू द्यायचं नाही.

निरोध. सरकारने १९६८ साली पंधरा पैशांना तीन असे बाजारात आणले. आज सरकारी केंद्रात फुकट मिळतात. मुलं अडवणारं आणि रोगही अडवणारं, दोन्ही करणारं हे एकच साधन. चिल्हार फाट्यावरून हायवेला लागणाऱ्या ड्रायव्हरने, गाव सोडून एकट्या राहणाऱ्या कामगाराने, आणि शहाणपणाचा दावा करणाऱ्या प्रत्येक पोराने हे ध्यानात ठेवावं. दर वेळी, सुरुवातीपासून, नीट वापरला तर वर्षात शंभरात दोघींनाच दिवस राहतात. पण माणसं वापरतात तसा, म्हणजे कधी आहे कधी नाही, तर तेरा जणींना. फरक रबरात नाही, पुरुषात आहे. पाकिटात दाबून सहा महिने ठेवायचा नाही, उन्हात नाही, भट्टीजवळ नाही. तारीख बघायची. तेल लावायचं नाही, तेलाने रबर फाटतं. ‘मजा येत नाही’ म्हणणाऱ्याला सांगा, नऊ महिने तुला पोट वाढवावं लागलं तर काय मजा येईल ते बघू.

रोजची गोळी. सरकारी केंद्रात माला-एन फुकट मिळते. एका पाकिटात २८ गोळ्या : २१ औषधाच्या, ७ लोहाच्या. रोज, ठरल्या वेळी. पाळी नियमित होते, रक्त कमी जातं, म्हणून काही जणींना फायद्याची. सुरुवातीला मळमळतं, ते बहुधा दोन-तीन महिन्यांत जातं. पण ही सगळ्यांची गोळी नाही. बीपी जास्त असेल, पस्तिशी ओलांडली आणि बिडी-सिगरेट ओढत असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, तर ही नको. आणि हे वस्तीत कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते : टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, त्याने या गोळीचा जोर कमी होतो. टीबीची औषधं चालू असलेल्या बाईने केवळ गोळीच्या भरवशावर राहू नये.

आठवड्याची गोळी, ‘छाया’. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. सुरुवातीला पाळी लांबते, घाबरायचं नाही. पण फारच लांबली तर तपासून घ्यायचं. लिव्हरचा आजार किंवा बीजकोशात गाठी असतील तर आधी डॉक्टरला विचारायचं. बाजारचा दिवस हाच गोळीचा दिवस, असं ठरवलं की विसर पडत नाही.

इंजेक्शन, ‘अंतरा’. दर तीन महिन्यांनी एक. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून आलं. यावर आधी वाद होता. १९८६ साली हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने अशाच इंजेक्शनाविरुद्ध सुप्रीम कोर्टात धाव घेतली. बायकांना न सांगता टोचतील, दुष्परिणाम झाले तर कुणी विचारणार नाही, ही भीती होती. ती भीती संपली असं समजू नका; पण साधन आज उपलब्ध आहे, तर पूर्ण माहितीने घ्या. पाळी अनियमित होते, मध्येमध्ये डाग पडतात, पुढे बंदही होते. पाळी बंद झाली म्हणजे घाण पोटात साठली, असं नसतं. हाडं थोडी विरळ होतात, बंद केल्यावर बहुतेक भरून येतात. सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर हे नको. मोठा गुण हा की घरात पाकीट सापडत नाही. सासूला, नवऱ्याला कळत नाही. हा गुण म्हणून सांगावा लागतो, यातच आपल्या घरांची लाज आहे. हातात बसवायची सळईही सरकारने काही निवडक ठिकाणी आणली आहे. ती तीन वर्षं चालते.

तांबी. गर्भाशयात बसवायची. एक प्रकार दहा वर्षांचा, एक पाच वर्षांचा. शंभरात एखादीलाच दिवस राहतात. काढली की पुन्हा मूल होऊ शकतं. ‘तांबी काळजात चढते’ ही थाप आहे. पण पहिले काही महिने पाळीला रक्त जास्त जातं, पोट दुखतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच सात-आठ आहे, तिला हे न सांगता बसवणं म्हणजे तिच्या अंगातलं उरलं रक्त काढणं. अंगावरून घाण वास येत असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल, तर आधी इलाज. बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते. पण विचारून! बाळंतिणीला न सांगता बसवली असेल तर तो उपकार नव्हे, तो हल्ला आहे. आणि ‘काढून द्या’ म्हटल्यावर काढून मिळणं हा तिचा हक्क. ‘पाच वर्षं झाली नाहीत’ हे उत्तर ऐकून परत यायचं नाही.

बाईचं ऑपरेशन. पोट थोडं उघडून किंवा दुर्बिणीने. बीजनलिका बंद करतात. कायमचं. उलटवायचं ऑपरेशन असतं, पण त्याची खात्री नाही. वय २२ ते ४९, लग्न झालेलं, एक तरी मूल वर्षाच्या वरचं, हे नियम. नवऱ्याची सही लागत नाही, हे लिहून घ्या. आणि नोव्हेंबर २०१४ चं छत्तीसगडचं बिलासपूर विसरू नका. एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ बायका उरकल्या. नंतर १३ बायका मेल्या. बहुतेक दलित, आदिवासी, मागासवर्गीय. २०१६ साली देविका बिस्वास खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शिबिरं तीन वर्षांत बंद करा, बाईला तिच्या भाषेत समजावून संमती घ्या. म्हणून कुणी जीपमध्ये दहा जणींना कोंबून न्यायला आला, तर जीपसमोर उभे राहा.

इथे एक सांगते. गर्भपिशवी काढणं हे संततिनियमन नव्हे. बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ साली उघडकीला आलं. सरकारी समितीच्या तपासणीत तेरा हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीचा खाडा नको, मुकादमाचा दंड नको, म्हणून तिशीतल्या बायकांनी पिशव्या काढल्या. पाळीच्या दिवसात सुट्टी देण्याऐवजी अवयव काढायचा! भांडवलशाहीचं हे खरं कुटुंबनियोजन.

पुरुषाचं ऑपरेशन. आता माना वर करा. बिनटाक्याची नसबंदी. जागा बधिर करतात, बारीक छिद्र, दहा-पंधरा मिनिटं. चालत घरी. दोन दिवस आराम, आठवडाभर ओझं उचलायचं नाही. पोट उघडत नाहीत, बाईच्या ऑपरेशनापेक्षा धोका कमी. लगेच मोकळं नाही हं : तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. ताठरता, ताकद, इच्छा, यातलं काही जात नाही, कारण नर हार्मोन रक्तातून जातं, त्या नळीतून नव्हे. गोणी उचलणारा गोणी उचलतो. ‘मर्दानगी जाते’ म्हणणाऱ्याला विचारा, तुझी मर्दानगी एवढ्याशा नळीत मावते काय रे? १९६०च्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर नसबंदीचे बूथ होते, कामगार कामावरून जाता जाता करून घ्यायचे. पैशाच्या लालचीने काही, स्वखुशीने काही. आज स्वखुशीने किती?

बाकी थोडक्यात. काढून घेणं : रोजच्या वापरात वर्षाला शंभरात वीसजणींना दिवस जातात. तारखा मोजणं : पाळी घड्याळासारखी असेल तरच, आणि रात्रपाळी, उपासमार, ताप यांनी घड्याळ बिघडतं. अंगावर पाजणं : बाळ सहा महिन्यांच्या आत, पाळी आलेली नाही, आणि बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, या तिन्ही अटी असतील तरच. एक तुटली की संपलं. आणि तातडीची गोळी : निरोध फाटला, जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ही गर्भपाताची गोळी नाही. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. दर शनिवारी घ्यायचीही नाही.

मग निवड कशी करायची? ‘सगळ्यात चांगलं साधन कुठलं’ हा प्रश्न चुकीचा आहे. कुणासाठी, हे विचारा. पाच प्रश्न : मूल पुढे हवं की नकोच? शरीर काय म्हणतं, रक्त किती, बीपी किती, टीबी, सिकलसेल, अंगावर पिणारं बाळ? जगणं कसं आहे, शिफ्ट, स्थलांतर, केंद्र किती लांब? घरात उघड वापरता येतं की लपवावं लागतं? आणि जोडीदारापासून रोगाचा धोका आहे का?

समजा, अवधनगरच्या चाळीत राहणारी पंचविशीची बाई. एक पोरगं दोन वर्षांचं, दुसरं तीन-चार वर्षांनी हवंय. बारा तासांची ड्यूटी, कधी दिवस कधी रात्र. रोजची गोळी विसरणार. तिचं रक्त चांगलं असेल तर तांबी. रक्त कमी असेल तर छाया, आणि सोबत लोहाच्या गोळ्या.

समजा, मोखाड्याची बाई. दिवाळी झाली की घरदार उचलून वसई-भिवंडीच्या वीटभट्टीवर, पावसाळ्याच्या तोंडाला परत. तिला इंजेक्शन दिलं आणि पुढची तारीख आली तेव्हा ती भट्टीवर असेल तर? तिथल्या केंद्रात तिला घेतील, म्हणून कार्ड पदरात बांधून न्यावं लागेल. नाहीतर जाताना छायाची पाकिटं पुरेशी मागून घ्यायची. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर तो कागद आधी डॉक्टरपुढे.

समजा, पालघरच्या कॉलेजातली दोघं. लग्न झालेलं नाही. निरोध, दर वेळी. तातडीच्या गोळीची माहिती पक्की. दुसऱ्यांच्या पोरींकडे बोट दाखवायच्या आधी, आपल्यातले किती तसे आहेत ते मनात मोजा.

समजा, तीन पोरं झालेलं जोडपं, आता नकोच आहे. बाईचं हिमोग्लोबिन आठ. तिच्या तीन बाळंतपणांवर चौथं ऑपरेशन कशाला? नवऱ्याने उठावं. हा त्याग नाही, साधा हिशोब आहे.

आणि साधन फसलं तर? गर्भपात हा १९७१ पासून या देशात कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. काही बायकांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीसपर्यंत. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, लग्न न झालेल्या बाईलाही तोच हक्क. सज्ञान बाईला नवऱ्याची, बापाची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवणं बंधनकारक. मेडिकलमधून गोळ्या आणून मनानेच घेऊ नका. गर्भ नलिकेत असेल तर नलिका फुटून बाई मरू शकते. काड्या, झाडपाला, मसाज, कुठल्याशा बोगस डॉक्टरची खोली, हे सगळं मरणाचं दार आहे.

कामगार बाईने अजून एक ध्यानात ठेवावं. ज्या कारखान्याला प्रसूतीलाभाचा कायदा लागू आहे, तिथे गर्भपातानंतर सहा आठवडे आणि नसबंदीनंतर दोन आठवडे पगारी रजा कायद्यात आहे. कंत्राटदार ‘आपल्याकडे तसं नसतं’ म्हणेल. तो किमान वेतनाबद्दलही तसंच म्हणतो.

आणि निवडीचा दुसरा अर्थ विसरू नका. मूल होऊ न देण्याचा हक्क, तसा होऊ देण्याचा पण. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या ध्यानात आलं, कुणालाच पोरं होत नाहीत. तपासलं तर वीर्यात जंतू नाहीत. कंपनीने बिनपैशाची नसबंदी केली होती, न विचारता. केमिकलच्या वसाहतीत राहणाऱ्यांनी ही गोष्ट पाठ करावी. २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येणार नाही, असा कायदा महाराष्ट्राने केला. त्यात बळी कोण? जिला विचारून मूल झालं नाही, ती बाई. नवरा तिसरं लादतो, आणि सरपंचपद तिचं जातं. ज्यांनी साधन दिलं नाही, त्यांनीच शिक्षा ठरवली.

म्हणून शेवटी कार्यक्रम सांगते, ठराव नव्हे. ठराव फार झाले.

एक : प्रत्येक शाखेत हा वर्ग पुरुषांसकट, महिन्यातून एकदा. दोन : आपल्या उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात कुठली साधनं आहेत, कुठली संपली, हे फळ्यावर लिहायला लावायचं, नसेल तर लेखी अर्ज, पोचपावती. तीन : कुठल्याही बाईला ऑपरेशनला, गर्भपाताला जायचं असेल तर सोबत जायचं. तिथे कुणी आडनाव विचारून टेबलावरची वागणूक बदलली, ‘तुम्ही लोक’ म्हणाला, तर ते तिथेच लिहून घ्यायचं. आशाताईंशी भांडायचं नाही; त्याही आपल्यातल्याच, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या. चार : सक्ती दिसली की मध्ये पडायचं, मग ती सरकारची असो, सासूची असो, की आपल्या कार्यकर्त्याची असो. आणि पाच : ज्यांची पोरं झाली, नकोच आहेत, त्या कार्यकर्त्यांनी स्वतःचं नाव द्यावं. भाषण करणाऱ्यांनी पहिलं.

आपण माणूस म्हणून जगायला निघालो आहोत. माणसाच्या शरीरावर दुसऱ्या कुणाची मालकी असत नाही, हीच आपली पहिली घोषणा होती. ती बाईच्या शरीराला लागू होत नसेल, तर आपण फक्त मालक बदलायला निघालो आहोत. पाळण्याची दोरी तिच्या हातात, अशी कवतिकं पुष्कळ झाली. दोरी हातात देऊन पाळणा कुणी हलवायचा हे दुसऱ्यानेच ठरवलं. आता दोरी खरोखर तिच्या हातात द्या. पाळणा हलवायचा, थांबवायचा, की बांधायचाच नाही, ते ती ठरवेल.

प्रश्न विचारा. लाजायचं काम नाही. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.

जय भीम.